गाडीतील पिस्तूल : कायदा काय म्हणतो आणि आपण काय समजतो

संस्थेच्या स्मरणिकेत पिस्तुलावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आपल्या सभासदांपैकी परवानाधारक शस्त्र असलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नसतील. परंतु आपल्या वस्तीतील कितीतरी तरुण आज चालक म्हणून नोकरी करतात. कोणी ठेकेदाराची गाडी चालवतो, कोणी नगरसेवकाची, कोणी जमिनीच्या व्यवहारातील शेटजींची. काही विद्यार्थी सुटीच्या दिवशी मित्राच्या गाडीतून फिरावयास जातात. शस्त्र त्यांचे नसते, पण ज्या गाडीत ते बसलेले असतात त्या गाडीत ते असू शकते. लेख लिहिण्याचे कारण तेवढेच आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळखीतील एक मुलगा, वय चोवीस, एका ठेकेदाराकडे चालक होता. मालक लग्नाच्या हॉलवर उतरले आणि त्यांनी मुलाला गाडी घेऊन पाहुण्यांना स्टेशनवर सोडून येण्यास सांगितले. मालकांचे रिव्हॉल्व्हर डॅशबोर्डच्या कप्प्यात राहिले होते. परत येताना नाकाबंदी लागली. हवालदाराने कप्पा उघडला. मुलगा म्हणाला, "साहेबांचं आहे, लायसन आहे त्यांचं." त्याला वाटले, विषय संपला. प्रत्यक्षात तेथूनच सुरू झाला. रात्र पोलीस ठाण्यात, दुसर्‍या दिवशी न्यायालय, दोन दिवसांची पोलीस कोठडी आणि मग जामीन. मालकांचा परवाना खरा होता. तरीही हे सर्व झाले, आणि कायद्याच्या दृष्टीने ते निराधार नव्हते. ते कसे, हे नीट समजून घेतले पाहिजे.

आपल्याकडे बंदूक, रिव्हॉल्व्हर, पिस्तूल यांबाबतचा मूळ कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम १९५९. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्यापूर्वी इंग्रज सरकारचा १८७८ चा कायदा होता. हिंदी माणसाला नि:शस्त्र ठेवणारा म्हणून त्या कायद्यावर स्वातंत्र्य चळवळीचा राग होता. त्यामुळे घटना तयार होत असताना शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत मांडली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घेता आले तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे, तोही "शांततेने व विनाशस्त्र" जमण्याचा. शस्त्राचा परवाना हा आपल्या देशात हक्क नसून अटींवर दिलेली मुभा आहे, हे एकदा ध्यानात आले की पुढील बर्‍याच गैरसमजांची गाठ आपोआप सुटते.

पहिला गैरसमज असा की, गाडी माझी, म्हणजे ती माझ्या घरासारखीच. घरात कपाटात शस्त्र ठेवता येते, मग गाडीच्या कप्प्यात का नाही? शस्त्र नियम २०१६ मधील नियम ३२ वाचला की याचे उत्तर मिळते. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यावयाचे तर ते अंगावर बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत असावे, पूर्णपणे झाकलेले असावे आणि नेणार्‍या माणसाचा त्यावर प्रत्यक्ष ताबा असावा, असे तेथे म्हटले आहे. सीटवर, सीटखाली, दाराच्या खणात टाकून ठेवणे यात बसत नाही. धारक गाडीतून उतरून निघून गेला, की ताबा कसला?

रस्त्यावरील खासगी गाडी "सार्वजनिक ठिकाण" मानावी काय, हा वादाचा प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बिहारच्या दारूबंदी कायद्याच्या प्रकरणात तशी गाडी सार्वजनिक ठिकाणात धरली. २०२१ मध्ये अंमली पदार्थांच्या कायद्यातील एका कलमासाठी मात्र खासगी गाडी सार्वजनिक ठिकाण नव्हे, असे म्हटले. म्हणजे ज्या त्या कायद्याच्या शब्दांप्रमाणे उत्तर बदलते. परंतु शस्त्राच्या बाबतीत या वादावर विसंबून राहण्यात शहाणपण नाही. गाडी खासगी असली तरी तिच्यातील शस्त्राला परवाना लागतोच, कारण परवान्याची सक्ती करणार्‍या कलम ३ मध्ये घर, गाडी, रस्ता असा भेदच नाही.

दुसरा गैरसमज आमच्या त्या मुलाचा. परवाना मालकांचा आहे, मग शस्त्र गाडीत कोणाजवळही असले तरी चालते, असे त्याला वाटले. परवाना शस्त्राला नसतो, माणसाला असतो. फोटो, पत्ता, शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची मर्यादा हे सर्व त्या एका व्यक्तीच्या नावे लिहिलेले असते. कलम ३ ला एक परंतुक आहे, ते चालकांनी पाठ करावे असे मी म्हणेन. परवाना नसलेला माणूस दुसर्‍याचे शस्त्र नेऊ शकतो, पण परवानाधारक स्वतः हजर असेल तर, किंवा त्याचा लेखी अधिकार जवळ असेल तर. आणि तेही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्या स्वतःच्या वापरासाठी. मालक गाडीत मागे बसले असते तर प्रश्न वेगळा होता. मालक हॉलवर, मुलगा रस्त्यावर, हाती चिठ्ठी नाही. परंतुकाची छत्री त्याच्या डोक्यावर नव्हती.

मालकही यातून सुटत नाहीत. ज्याला शस्त्र बाळगण्याचा अधिकार आहे की नाही याची खात्री न करता त्याच्या ताब्यात शस्त्र देणे हा कलम २९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. पण कोठडीत आधी जातो तो स्टिअरिंगवर बसलेला.

मालकांनी रिव्हॉल्व्हर गाडीतच का ठेवले असेल? परवान्याच्या अटींत असे असते की विशेष परवानगीशिवाय शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक मेळाव्यात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात नेऊ नये. लग्नाच्या गर्दीत कमरेला लावून जाणे योग्य नाही, एवढे त्यांना ठाऊक असावे. म्हणून गाडीत ठेवले. पण गाडीत ठेवले की ताबा सुटतो. दोन्हीकडून अडचण. अशा कार्यक्रमाला जाताना शस्त्र घरी कुलुपात ठेवूनच निघावयाचे असते. लग्नात हवेत बार काढण्याची हौस असणार्‍यांसाठी तर २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र शिक्षाच ठेवली आहे : दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. गाडीत चार जण आहेत. सीटखाली विनापरवाना पिस्तूल सापडले. कोणाचे? चौघेही म्हणतात, माझे नाही. सर्वसाधारण समज असा की ज्याच्या अंगावर सापडले नाही तो सुटला. कायदा असा विचार करीत नाही. शस्त्र अधिनियमाचे कलम ३५ नेमके याच प्रसंगासाठी आहे आणि त्यात "वाहन" हा शब्द स्पष्ट घातलेला आहे. अनेकांच्या संयुक्त ताब्यातील जागेत किंवा वाहनात गुन्ह्याशी संबंधित शस्त्र वा दारूगोळा सापडला, तर ज्याला त्याची माहिती होती असे मानण्यास कारण आहे अशी प्रत्येक व्यक्ती, उलट सिद्ध होईपर्यंत, जणू तिने एकटीनेच गुन्हा केला अशी जबाबदार धरली जाते. "मित्राचे आहे, मी फक्त बसलो होतो" हे वाक्य म्हणूनच धोक्याचे आहे. त्यात दोन गोष्टी एकदम आल्या : मी गाडीत होतो, आणि मला माहीत होते.

या कलमाची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे व ती आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. ज्याला खरोखर माहीत नव्हते तो गुन्हेगार नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात ताबा म्हणजे काय ते उलगडून सांगितले आहे. ताब्याला प्रथम जाणीव लागते. आपल्याजवळ ते शस्त्र आहे याचे ज्ञान हवे. आणि वस्तू प्रत्यक्ष हाताशी नसेल तर तिच्यावर हुकमत हवी. या निकालाला दोन धारा आहेत. पहिलीने अजाण माणूस वाचतो. दुसरीने तो "शहाणा" सापडतो, जो आपले पिस्तूल दुसर्‍याच्या गाडीत ठेवून स्वतः मागच्या गाडीतून येतो. हत्यार हाती नसले तरी हुकूम त्याचा, म्हणून ताबाही त्याचाच. पुढे १९९४ मध्ये अभिनेते संजय दत्त यांच्या प्रकरणात घटनापीठाने टाडा कायद्यासंबंधीही हेच म्हटले की ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. वर्तमानपत्रांतून त्या खटल्याची चर्चा खूप झाली, पण कायद्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी गोष्ट ही होती.

तिसरा गैरसमज काडतुसांचा. पिस्तूल नाही, नुसती दोन काडतुसे डिकीत आहेत, त्यात काय? कलम ३ मध्ये अग्निशस्त्र आणि दारूगोळा ही दोन्ही आहेत. जिवंत काडतुसालाही परवाना लागतो. बॅगेच्या खणात चुकून राहिलेल्या एखाद्या काडतुसामुळे विमानतळावर अडकलेल्या प्रवाशांवरील गुन्हे, जाणीवपूर्वक ताबा नव्हता म्हणून, उच्च न्यायालयांनी अनेकदा रद्द केले आहेत. पण त्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हेही विसरू नये. तो खर्च आपल्यापैकी किती जणांना झेपेल?

गावठी कट्ट्याबद्दल फार लिहीत नाही. "तो चालत नाही, नुसता धाक दाखवायला आहे" असे म्हणणारे भेटतात. शस्त्राच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागदेखील येतात. शिवाय कट्ट्याला परवाना मिळूच शकत नाही, तेव्हा तेथे चर्चेला जागाच नाही.

शिक्षेचे आकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाढले आहेत आणि पुष्कळ जणांच्या डोक्यात जुनेच आकडे आहेत. विनापरवाना अग्निशस्त्र किंवा दारूगोळा बाळगण्यास पूर्वी किमान एक व कमाल तीन वर्षे कैद होती. १४ डिसेंबर २०१९ पासून ती किमान दोन व कमाल पाच वर्षे झाली असून दंड वेगळा. स्वयंचलित वगैरे निषिद्ध शस्त्र असेल तर सात ते चौदा वर्षे. हे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असे नव्हे. तो हक्काने ठाण्यावर मिळत नाही, न्यायालयाकडे मागावा लागतो. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतील असे केले व परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली.

ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते. महाराष्ट्रापुरता परवाना असताना पिस्तूल गाडीत ठेवून गोव्याला किंवा इंदूरला जाणे म्हणजे सीमा ओलांडताच विनापरवाना होणे. गाडी चालविण्याचा परवाना मोबाईलमध्ये दाखविला तरी चालतो, त्यावरून शस्त्राचा परवानाही घरी ठेवून चालेल असे समजू नये. कलम १९ नुसार पोलीस अधिकारी तो मागू शकतो, आणि दाखविता आला नाही तर नाव-पत्ता विचारून शस्त्र जप्त करू शकतो. कलम २० याच्याही पुढे जाते. परवाना असो वा नसो, शस्त्र संशयास्पद रीतीने नेले जात असेल तर वॉरंटविना अटक करता येते, आणि तो अधिकार पोलिसांखेरीज वाहनावर काम करणार्‍या नोकरांनाही दिलेला आहे. म्हणजे एस.टी.च्या कंडक्टरलाही! तो वापरल्याचे मी ऐकलेले नाही, पण कायद्यात आहे खरे.

याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी काही दिवसांपुरती शस्त्रबंदी जाहीर करतात, सणासुदीला व तणावाच्या काळात विशेषतः. निवडणुकीत नाक्यांवरील पथके गाड्या तपासतात. उमेदवाराच्या किंवा कार्यकर्त्याच्या गाडीत शस्त्र मिळाले तर ते जप्त होते. प्रचारात भाड्याने गाडी लावणार्‍या आपल्या मुलांनी गाडीत कोण काय ठेवतो आहे यावर डोळा ठेवावा.

आता अधिक नाजूक विषय. एखाद्या गावात अत्याचाराची घटना घडते, धमक्या येतात, आणि रक्ताच्या गरमीत एखादा तरुण म्हणतो, "आता गाडीत घोडा ठेवल्याशिवाय फिरायचं नाही." त्याची भीती खोटी नसते. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पूर्वी तो दंड संहितेत होता. पण तो हक्क हल्ल्याच्या क्षणापुरता असतो. विनापरवाना शस्त्र आधीपासून गाडीत ठेवण्यास तो परवानगी देत नाही. आणि ते शस्त्र पकडले गेले की कालचा फिर्यादी आज आरोपी होतो. विरुद्ध पक्षाला याहून मोठी देणगी कोणती?

कायद्याने यासाठी मार्ग ठेवलेला आहे. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंध नियम १९९५ मधील नियम ३ पाहावा. अत्याचाराची भीती असलेले क्षेत्र शासनाने निश्चित करावे. तेथे आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरील व्यक्तींचे, तसेच त्यांचे जवळचे नातेवाईक व नोकर यांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे शासकीय शस्त्रागारात जमा करून घ्यावीत. बेकायदा शस्त्रे जप्त करावीत. आणि जीविताच्या व मालमत्तेच्या सुरक्षेसाठी आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शस्त्रपरवाने द्यावेत, असे त्यात लिहिले आहे. आपले कार्यकर्ते नुकसानभरपाईची कलमे तोंडपाठ म्हणतात, पण जिल्हाधिकार्‍यांना निवेदन देताना हा नियम क्वचितच नमूद होतो. माझ्या मते यातील शस्त्रे जमा करून घेण्याचा भाग परवाना मिळण्यापेक्षाही उपयोगाचा आहे. गावात समोरच्याची बंदूक शस्त्रागारात गेली तर आपल्याला ती घेण्याची गरजच उरत नाही.

परदेशी शिकावयास जाणार्‍या विद्यार्थ्यांसाठीही एक सूचना येथेच देतो, कारण अमेरिकेत बंदुका मोकळ्या, असे सगळेच ऐकून असतात. तेथील घटनेची १७९१ ची दुसरी दुरुस्ती शस्त्राचा हक्क देते हे खरे. परंतु गाडीत पिस्तूल कसे न्यावे याचे नियम राज्याराज्यांत निराळे आहेत. एका राज्यातील परवाना शेजारच्या राज्यात चालेलच असे नाही. १९८६ च्या संघराज्य कायद्याने प्रवासात दुसरे राज्य ओलांडण्याची मुभा दिली, तीही पिस्तूल रिकामे, व ते आणि काडतुसे प्रवाशाच्या हाताशी नाहीत अशी बंद करून ठेवली असतील तरच. आणि विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या परकीय नागरिकाला, शिकारीच्या परवान्यासारखे काही मोजके अपवाद वगळता, बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. तेथे जन्मलेल्या वर्गमित्राला जे चालते ते आपल्या मुलाला चालत नाही. मित्राने "जरा धर" म्हणून हातात दिले तरी नको म्हणावे.

आता आपल्याकडे नाकाबंदीत सापडल्यास काय करावे? गाडीत शस्त्र आहे हे चालकाला आधी कळले, तर त्याने मालकाला ते बरोबर नेण्यास सांगावे, नाहीतर गाडी पुढे नेऊ नये. नोकरीची भीती मी जाणतो, पण किमान दोन वर्षांच्या शिक्षेसमोर तिचे वजन करावे. मालक गाडीत नसतील आणि वाटेत शस्त्र दिसले तर हात न लावता गाडी बाजूला घ्यावी आणि मालकांना व जवळच्या पोलीस ठाण्याला फोन करावा. तो फोनच पुढे आपला पुरावा ठरतो. पोलिसांनी झडती घेतली तर अडवू नये, पळू नये, वस्तू बाहेर फेकू नये. फेकणे म्हणजे माहीत होते याची कबुलीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण करावयाचे असते. ते होते आहे का हे नम्रपणे विचारावे. पंचनामा वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये. अटक झाली तर कारण सांगणे, नातेवाइकांना कळविणे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकार्‍यासमोर उभे करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. वकिलासाठी पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

कलम ३ च्या भंगाचा खटला चालविण्यास जिल्हादंडाधिकार्‍यांची पूर्वमंजुरी लागते, असे कलम ३९ सांगते. आमच्या त्या मुलाच्या प्रकरणात ती मंजुरी मिळाली नाही. मालकांचा परवाना खरा होता, त्यांनी चूक लेखी कबूल केली होती, आणि कप्पा उघडेपर्यंत मुलाला शस्त्राची माहिती असल्याचा पुरावा नव्हता. "साहेबांचं आहे" हे तो कप्पा उघडल्यावर, रिव्हॉल्व्हर ओळखून म्हणाला होता. हे सर्व ठरावयास पंधरा महिने गेले. मधल्या काळात नोकरी गेली, आणि पोलीस पडताळणीत हा गुन्हा पुढे येत राहिल्यामुळे दुसरीही मिळेना. आता तो एका शाळेची बस चालवितो. सकाळी मुले चढण्याआधी बसचे सगळे कप्पे तो स्वतः उघडून पाहतो.